सगळ्यांच्या मताने

डोक्यावरची टोपी काढायची, उलटी करून गुडघ्यावर ठेवायची आणि समोरच्या एकेकाकडे बघत विचारायचं, "बोला, तुमचं काय म्हणणं?" आमच्या डॉक्टरांची ही लकब पहिल्यांदा बघणाऱ्याला फार आवडायची. एवढा शिकलेला माणूस आपल्याला विचारतो, याचंच लोकांना अप्रूप. मी ती लकब काही वर्षं रोज बघितली. शेवटी शेवटी त्यांचा हात नुसता टोपीकडे वळला तरी मी उठून बाहेर जायचो.

हे डॉक्टर गुरांचे. भोरला तेव्हा गुरांचा एक लहानसा दवाखाना होता, त्यात ते मुख्य, मी कंपाउंडर आणि रावजी पट्टेवाला. रावजी कामथडीचा, शेतकऱ्याच्या घरातला. मस्तवाल खोंडाला शिंगाला धरून खाली बसवायचा आणि वर त्याच्याशी घरच्यासारख्या गप्पा मारायचा. दुसरी लढाई सुरू व्हायच्या आधीची ही वर्षं. उन्हाळ्यात कुठे साथ उठली की तट्टावर औषधांच्या पेट्या लादायच्या आणि आम्ही तिघांनी वेल्ह्याच्या बाजूला, राजगडाच्या पायथ्याच्या गावांमधून हिंडायचं. पाली, तिच्या आजूबाजूच्या वाड्या, वर पठारावरचे धनगरवाडे, एवढा आमचा मुलूख.

यांच्या आधीचे डॉक्टर खेकसणारे होते. ते दवाखान्यात शिरले की बांधलेली गुरंसुद्धा रवंथ थांबवायची. त्यामुळे हे नवे साहेब आले आणि पहिल्याच दिवशी खुर्ची सोडून आमच्याबरोबर ओट्यावर येऊन बसले, तेव्हा मला बरं वाटलं. ते बरं वाटणं फार दिवस टिकलं नाही.

एकदा वेल्ह्याकडे दिवस मावळायला आला होता आणि मुक्काम कुठे करायचा ते ठरायचं होतं. मी म्हणालो, देवळात झोपू. रावजी म्हणाला, तट्टाला चारा आहे तिथे, आंब्याखाली झोपू. डॉक्टरांनी टोपी काढली. मग एक बाई डोक्यावर मोळी घेऊन चालली होती, तिला थांबवलं आणि तिचंही म्हणणं विचारलं. ती मोळीखालून म्हणाली, "मला काय इचारता? निजायचं तुमाला हाय." शेवटी कुणाचं मन मोडायला नको म्हणून डॉक्टरांनी देऊळ आणि आंबा यांच्या बरोबर मध्ये, उघड्या खळ्यावर मुक्काम ठरवला. तिथे मुंगळ्यांची रांग होती. सकाळी आम्ही तिघंही अंग खाजवत उठलो आणि डॉक्टर समाधानाने म्हणाले, "पण ठरलं ते सगळ्यांच्या मताने ठरलं."

कापूरहोळच्या फाट्यावर मोटारीची वाट बघायची की चालत निघायचं, यावर ते चहावाल्याचं मत घेत असताना मोटार आमच्या डोळ्यांदेखत निघून गेली. एका बैलाचं शिंग कापायचं होतं. त्यांनी मालकाला विचारलं, मालकाच्या भावाला विचारलं, ओसरीवरच्या म्हाताऱ्याला विचारलं. माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "डॉक्टर, आता बैलालाही विचारून टाका." ते मनापासून हसले. एवढं हसले की डोळ्यांत पाणी आलं. या माणसाला राग यायचा नाही, आणि त्याचाच मला राग यायचा.

आता तुम्ही म्हणाल, माणूस मठ्ठ असेल. मठ्ठ असता तर मी एवढा जळफळलो नसतो. अडलेल्या म्हशीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून उलटं फिरलेलं रेडकू सरळ करताना मी त्यांना पाहिलं आहे. अंगावर काय काय सांडायचं, पण नाकाला रुमाल लावला नाही कधी. बुजरी गाय त्यांचा हात पाठीवर पडला की मान खाली घालायची. आजार ओळखण्यात त्यांची चूक व्हायची नाही. सगळं कळत असून ते बोलायचे नाहीत, आणि ज्यांना कळत नव्हतं त्यांना विचारत बसायचे. त्या गुळमुळीतपणाचा मला वीट आला होता.

एकदाच त्यांनी मला त्याचं कारण सांगितलं. ते म्हणाले, "कंपाउंडर, आमच्या घरात एकच माणूस बोलायचा, आमचे वडील. बाकीचे भिंतीला पाठ लावून उभे. आई तर भिंतीचाच भाग झाली होती. मी तेव्हाच ठरवलं होतं, आपल्या हाताखाली कुणाला भिंतीला उभं राहायची वेळ यायला नको." मला त्यांची दया आली. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी आयोडिनची बाटली कुठल्या फळीवर ठेवायची याची सभा घेतली आणि ती दया उडून गेली.

मग बुळकांडी आली.

बुळकांडी बघितलेला माणूस ती विसरत नाही. गुराच्या डोळ्यांतून चिकट पाणी, नाकातून शेंबूड, तोंडात फोड, हिरड्यांवरची साल कोंड्यासारखी सुटून येते. मग हगवण लागते. तिचा वास गावाच्या अलीकडे ओढ्यापर्यंत येतो आणि कपड्यांतून धुतला तरी जात नाही. जनावर उभ्या उभ्या वाळतं आणि पडतं. वाईट हे की पडायच्या आधी काही दिवस ते अगदी धडधाकट दिसतं. चरतं, शिंग मारतं, आणि आत आजार शिजत असतो.

गडाच्या पायथ्याचं ते गाव. नाव सांगत नाही, त्या घरांतली माणसं अजून आहेत. आम्ही पोचलो तेव्हा तिथे साथ लागली होती आणि चावडीवर वेगळीच तयारी चालली होती. मरीआईचा गाडा काढायचा होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. रोगराई आली की लाकडाचा हातभर गाडा करायचा, त्यात हिरवी चोळी, बांगड्या, लिंबं, नारळ ठेवायचे, आणि वाजतगाजत नेऊन तो शेजारच्या गावच्या शिवेवर सोडून यायचा. देवी गाड्यात बसून निघून जाते. शेजारच्या गावाने तो आपल्या शिवेवरून उचलायचा आणि पुढच्या गावाच्या शिवेवर ढकलायचा. या गावात आणखी एक चाल होती. गाड्याबरोबर हळद फासलेलं एक रेडकू सोडायचे. गावची सगळी पीडा त्या रेडकाच्या अंगावर, आणि ते परत आणायचं नाही.

माणसांच्या पटकीत हे ठीक होतं. गुरांच्या बुळकांडीत रोगट गावातलं रेडकू शेजाऱ्याच्या कुरणात सोडायचं म्हणजे पेटतं कोलीत त्याच्या गंजीवर ठेवायचं. ते डॉक्टरांना कळत होतं, मला कळत होतं. आणि आणखी एका माणसाला कळत होतं.

तो कोंडिबा ढेबे. गावाच्या वर पठारावर धनगरांची चार घरं होती, त्यांतला. त्या वेळी गाड्याची पाळी त्यांच्या शिवेची होती. तो खांद्यावर घोंगडी टाकून खाली चावडीवर आला होता, आणि गावकरी बसले होते त्यांच्यापासून अंतर राखून उभा होता.

तो डॉक्टरांना म्हणाला, "डागदर, गाडा आणायचा तर आणा. रेडकू आणू नगा. आमच्या फुडं गाव न्हाई, कडा हाय. आमी कुठं ढकलायचं त्याला? त्ये आमच्याच डबक्यावर पानी पिनार, आमच्याच गुरांत शिरनार."

पाटील म्हणाले, "आईचा गाडा कुनाला इचारून निघत न्हाई, कोंडिबा. आजवर असंच चालत आलंय."

सगळे डॉक्टरांकडे बघायला लागले. एक शब्द पुरला असता. त्यांच्याकडे अधिकार होता, साथीच्या गावातून जनावर हलवायचं नाही असं म्हणायला ते मोकळे होते. मी मनात म्हणत होतो, बोला, बोला आता. डॉक्टरांनी टोपी काढली आणि गुडघ्यावर उलटी ठेवली.

मग काय, प्रत्येकजण बोलला. म्हातारे बोलले, तरणे बोलले. रेडकाशिवाय गाडा नेला तर देवी अर्ध्या वाटेवरून परत येईल, असं निघालं. कोंडिबाचंही खोटं नाही, असंही निघालं. दुपार झाली. डॉक्टरांनी सगळ्यांचं ऐकून मधला मार्ग काढला. गाडा जाईल, रेडकूही जाईल, मात्र ते पारखून घेतलेलं, धडधाकट रेडकू असेल. पाटील खूश झाले. पंच खूश झाले. कोंडिबाने घोंगडी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली आणि वरच्या वाटेला लागला.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "डॉक्टर, धडधाकट दिसतं म्हणजे रोग नाही असं असतं का?"

"नसतं," ते म्हणाले.

"मग?"

"मग काय, एवढ्या लोकांच्या विरुद्ध मी एकट्याने उभं राहायचं? आणि कोंडिबाचं ऐकलंच ना आपण. अर्धं तरी ऐकलं."

मी ओढ्यावर जाऊन थुंकलो. खरंच थुंकलो, तोंडाला कडू चव आली होती.

पुढचं तुम्हाला सांगायला नको, पण सांगतो. पंधरवड्याच्या आत पठारावरून निरोप आला. आम्ही वर गेलो. कोंडिबाच्या वाड्यासमोर गाई पडल्या होत्या, जिथे चरत होत्या तिथेच. एक अजून जिवंत होती आणि तिच्या डोळ्यांवर माश्यांचा थर होता. माश्या उडवायला तिने शेपूट हलवली, ती पोचली नाही. हळद लावलेलं ते रेडकू डबक्याच्या कडेला फुगून पडलं होतं आणि डबक्याचं पाणी कुणाला दाखवण्यासारखं राहिलं नव्हतं. कोंडिबाची बायको वासरू मांडीवर घेऊन त्याच्या तोंडात बोटाने पेज घालत होती. ते वासरूही मेलेलं होतं. कुणी तिला सांगितलं नव्हतं, की सांगूनही ती घालत होती, मला कळलं नाही.

डॉक्टर दगडावर बसले. आणि काय केलं असेल? टोपी काढली. गुडघ्यावर ठेवली. कोंडिबाकडे बघून म्हणाले, "बोला कोंडिबा, आता काय करावं? तुमचं काय म्हणणं?"

त्या क्षणी मला त्या माणसाची जेवढी किळस आली तेवढी त्या सडक्या डबक्याची आली नाही. हात उचलला असता मी. रावजीने माझ्या सदऱ्याला मागून धरलं.

कोंडिबा शांतपणे म्हणाला, "माजं म्हननं सांगून झालं व्हतं की. आता फावडं घ्या आन् माती टाकू लागा."

डॉक्टर उठले. त्या दिवशी खड्डे खणायला सगळ्यांत आधी त्यांनी हात लावला आणि सगळ्यांत शेवटी सोडला. तळहात फुटले तरी थांबले नाहीत. पण माझं मन काही निवळलं नाही. खड्डा खणायला हिंमत लागत नाही, असं मला तेव्हा वाटत होतं.

पुढच्या उन्हाळ्यात साथ पुन्हा उठली आणि आम्हाला वेगळेच डॉक्टर बघायला मिळाले. टोपी डोक्यावरून हलेना. कुणाला काही विचारणं बंद. "हे करा, ते आणा, बोलू नका." आवाजही बदलला होता. वरच्या पट्टीत जायचा आणि फाटायचा. तो त्यांचा आवाज नव्हताच. मला वाटतं, भिंतीला पाठ लावून लहानपणी ऐकलेला तो आवाज असावा. रावजी मला बाजूला घेऊन म्हणाला, "डागदरांच्या अंगात आलंया."

तुम्हाला वाटेल, मला हेच तर हवं होतं. मलाही तसं वाटलं होतं. पण उसनी ऐट ती. मुळमुळीत माणूस जेव्हा दरडावायला लागतो तेव्हा त्याला माप राहत नाही. त्यांनी पोलीस शिपाई बरोबर घेऊन गोठ्यांत शिरून लस टोचायला सुरुवात केली. कुणी म्हणालं, "गाभण हाय, दोन दिस थांबा," तरी टोचली. बातमी आमच्या पुढे पळायला लागली. आम्ही गावात पोचलो की गोठे रिकामे. लोकांनी गुरं रानात, घळींमध्ये दडवली, आजारी आणि चांगली एकाच ठिकाणी. साथ पसरायला याहून सोयीची जागा नव्हती.

एका म्हशीला टोचायचं होतं. रावजी म्हणाला, "साहेब, हिची नजर चांगली न्हाई. आदी पाय बांदू द्या." डॉक्टर ओरडले, "धर म्हटलं ना, धर." त्याने धरली. म्हशीने मान वळवली आणि रावजीला गव्हाणीवर दाबलं. त्याच्या बरगड्या मोडल्याचा आवाज मी ऐकला. त्याला बाजेवर घालून खाली आणताना तो डॉक्टरांकडे न बघता माझ्याशी बोलत होता. "ह्यांनी इचारायचं सोडलं, ते सोडलं," तो म्हणाला, "पर कुनी सांगितलं तर ऐकायचं का सोडलं?"

डॉक्टर मागून चालत होते. त्यांनी ते ऐकलं असणार. मला त्यांच्यातल्या दोन्ही डॉक्टरांचा सारखाच तिटकारा आला होता. आधीचा दुसऱ्यांच्या तोंडाने बोलायचा, आताचा बापाच्या तोंडाने. स्वतःच्या तोंडाने हा माणूस कधी बोलणार आहे की नाही, असं मी रावजीच्या उशाशी बसून म्हणालो. डॉक्टर दारात उभे होते.

रावजी बरा व्हायला वेळ लागला. तो पुन्हा आमच्याबरोबर यायला लागला तोवर पायथ्याच्या त्या गावात दुसऱ्यांदा साथ लागली, आणि दुसऱ्यांदा गाडा निघाला. शीव तीच, पठाराची. कोंडिबाने तोवर सासरवाडीकडून थोड्या गाई आणून पुन्हा गोठा उभा केला होता. बायकोचे डागिने त्यात गेले होते, असं लोक सांगायचे. या खेपेला तो खाली चावडीवर आला नाही. तो यायचा कशाला?

आम्ही जवळच्याच एका वाडीत मुक्कामाला होतो, तिथे आम्हाला कळलं तेव्हा गाडा निघाला होता. डॉक्टर तट्टावर बसले नाहीत, धावत निघाले. पठाराकडे चढणाऱ्या वाटेवर शेंदूर फासलेला शिवेचा दगड आहे, तिथे आम्ही गाड्याला गाठलं. हलगी वाजत होती. पुढे पाटील, मागे बायाबापड्या, आणि मध्ये हळदीने पिवळं झालेलं रेडकू, कान हलवत, समोरचं गवत खात. वर गुरांच्या वाडग्याच्या तोंडाशी कोंडिबा आणि त्याची बायको उभी असलेली दिसत होती.

डॉक्टर दगडाला पाठ लावून वाटेत उभे राहिले. शिपाई बरोबर नव्हता. मला वाटलं, आता एक तर ओरडतील नाही तर टोपी काढतील. त्यांनी दोन्ही केलं नाही. हलगीवाल्याला हाताने थांबायची खूण केली आणि पाटलांना म्हणाले, "पाटील, मला एक समजून सांगा. गाडा अडला तर काय होतं?"

पाटील म्हणाले, "आई गावातच ऱ्हाती."

"आणि रेडकू नसेल तर?"

"तर पीडा न्यायला अंगच न्हाई. गाड्यात निस्तं सामान जातंय. पीडेला जिवंत अंग लागतं. कुनी तरी घ्यायला लागती ती."

डॉक्टर ऐकत होते. आधी ते ऐकायचे तेव्हा बोलणाऱ्याला खूश करायला ऐकायचे. या वेळी मात्र गुराच्या जबड्याखाली बोट टेकवून नाडी बघताना असायचा तसा त्यांचा चेहरा होता. एका बाईचं पोर नुकतंच आजारी पडलं होतं, ती रडत बोलली, तिचंही त्यांनी पुरतं ऐकून घेतलं. मग ते म्हणाले, "गाडा जाऊ द्या. चोळी, नारळ, सगळं जाऊ द्या, मी मध्ये येत नाही. रेडकू ही शीव ओलांडणार नाही."

"मंग पीडा?"

"मी नेतो."

हलगीवाला हसला आणि मग हसायचा थांबला. पाटील दोन पावलं पुढे आले. "डागदर, ह्यो खेळ न्हाई. एकदा कासरा हातात धरला की ती तुमच्या अंगावर. आमी तुमाला गावात घेनार न्हाई. पानी देनार न्हाई. तुमी बामन असा, न्हाई तर कुनी असा."

"माहीत आहे," डॉक्टर म्हणाले. "पण माझी एक अट ऐका. उद्यापासून रावजी आणि कंपाउंडर येतील, त्यांना गुरं दाखवायची. घळीत दडवलेलीसुद्धा. टोचायचं कधी आणि कुणाला, ते तुम्ही आणि रावजी मिळून ठरवा. गुरांमधलं त्याला माझ्याइतकंच कळतं. टोचायचं की नाही, एवढं मात्र ठरवायचं नाही. ते ठरलेलं आहे."

ही सगळी वाक्यं त्यांनी एका आवाजात म्हटली, न चढवता, न फाटू देता. पाटलांनी मागे वळून लोकांकडे बघितलं. मग पाटलांनी कासरा पुढे केला. रावजीने पटकन दोन्ही हात पाठीमागे घेतले, तो बिचारा देवीला मानणारा होता. डॉक्टरांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. कासरा घेतला.

एक म्हातारी पुढे आली. रेडकाच्या कपाळाला कुंकू लावलं, मग डॉक्टरांच्या कपाळाला लावलं आणि लगेच तोंड फिरवलं. सगळ्यांनी तोंडं फिरवली. गाडा दगडापलीकडे ठेवला आणि अख्खं गाव मागे न बघता उतरून गेलं. एवढ्या माणसांच्या पाठी मी एका वेळी कधी पाहिल्या नव्हत्या.

डॉक्टरांनी रेडकू लांब नदीकाठी नेलं, जिथे कुणाची गुरं येत नाहीत. बाभळीला बांधलं आणि त्याच्याजवळ राहिले. चौथ्या-पाचव्या दिवशी त्याच्या डोळ्यांतून चिकट पाणी यायला लागलं. मेल्यावर त्यांनी स्वतः खड्डा काढला, कपडे जाळले, चुन्याच्या पाण्याने अंग धुतलं. मी भाकरी घेऊन जायचो. एकदा ते एवढंच म्हणाले, "रावजीच्या बरगड्या पावसाळ्यात दुखतील. त्याला जड काम सांगत जाऊ नका."

गावाने शब्द पाळला. घळींमधली गुरं बाहेर आली. रावजी पाटलांच्या ओट्यावर बसून कुठला गोठा आधी घ्यायचा ते ठरवायचा, आणि अडलं की नदीकडे माणूस न पाठवता स्वतःच निकाल लावायचा. साथ त्या गावातच विझली. पठारावर चढली नाही. कोंडिबाच्या सगळ्या गाई राहिल्या.

आणि लोकांनी दुसरा शब्दही पाळला. डॉक्टर दिसले की बाया पोरांना पोटाशी धरून आत जायच्या. चावडीवर त्यांच्यासाठी कुणी घोंगडी टाकेना. पालीपासून ते थेट कापूरहोळच्या फाट्यापर्यंत ही गोष्ट पसरली. भोरात लोक गुरं घेऊन यायचे आणि दुरूनच विचारायचे, "रावजी हाय का? कंपाउंडर हायत का?" मी चिडून एक-दोघांना हाकललं. तुमचीच जनावरं वाचवली त्याने आणि तुम्ही नाकं मुरडता, म्हणालो. ते खाली मान घालून ऐकायचे आणि बाहेरच उभे राहायचे. या माणसांचा मला जेवढा उबग आला तेवढा डॉक्टरांचाही कधी आला नव्हता. सगळ्यांनी आपलं म्हणावं म्हणून जो माणूस जन्मभर धडपडला, त्याला सगळ्यांनी एकमताने बाहेर काढलं.

त्यांनी बदली मागून घेतली. जायच्या आधी एकदा कोंडिबाच्या गाई बघून यावं असं त्यांच्या मनात होतं. मी बरोबर गेलो. पावसाळा सरला होता आणि पठार गवताने भरलं होतं. शिवेच्या दगडाशी आलो तर वरून कोंडिबाची हाक आली.

"डागदर, तितंच थांबा."

आम्ही थांबलो. तो खाली आला, पण जवळ आला नाही. त्याच्या हातात दुधाचं गाडगं होतं. त्याने ते दगडावर ठेवलं आणि मागे सरकला. घोंगडीचं टोक तोंडाशी धरून उभा राहिला.

"वर येऊ नगा," तो म्हणाला. "लई उपकार झालं तुमचं. पर तुमच्या अंगावर हाय ते. माज्या गाई पुन्हा न्हाई परवडायच्या मला."

मी तोंड उघडलं तेवढ्यात डॉक्टरांनी माझ्या दंडावर हात ठेवला. ते पुढे गेले आणि दगडाजवळ बसले.

"कुठल्या गाईचं?" त्यांनी विचारलं.

"तांबडीचं. पहिलारू हाय. चौथा दिस."

डॉक्टर दूध प्यायले. चिकाचं, दाट, अजून कोमट होतं. थेंब न ठेवता प्यायले. वर कुठे तरी गाईंच्या गळ्यातल्या घंटा वाजत होत्या आणि ते तिकडे मान वळवून ऐकत होते.

गाडगं खाली ठेवायला लागले तसा कोंडिबा घाईने म्हणाला, "त्ये हितं ठिवू नगा, डागदर. घिऊन जावा."

डॉक्टर म्हणाले, "बरोबर आहे." आणि रिकामं गाडगं छातीशी धरून ते वाट उतरायला लागले.